मी लॉर्ड

“तुला शी आली,” अन्वय म्हणाला.

समोरच्या खुर्चीत निनादचे साहेब बसले होते. आमच्या घरी पहिल्यांदाच आलेले. हातात चहाचा कप, मांडीवर बिस्किटांची बशी. त्यांनी आधी अन्वयकडे पाहिलं, मग निनादकडे, आणि मग क्षणभर, मला वाटतं, स्वतःच्या पोटाकडे.

“मला? नाही रे बाळा.”

“तुला शी आली!” अन्वय आता पाय आपटायला लागला. “तुला खूप शी आली!”

मी त्याला उचललं आणि आत पळाले. मागून सासूबाईंचा, म्हणजे माईंचा आवाज येत होता. “तुम्हाला नाही हो, त्याला. आमच्याकडे ‘तुला’ म्हणजे ‘मला’.”

“अच्छा,” साहेब म्हणाले. नंतर निनादनं सांगितलं की उरलेलं बिस्कीट त्यांनी हळूच बशीत परत ठेवलं.

आता अन्वय माझ्याहून उंच आहे आणि ही गोष्ट निघाली की खोलीतून निघून जातो. तेव्हा तो तीन वर्षांचा होत आला होता. बोलायचा भरपूर. पावसाळ्यातल्या नळासारखा अखंड. पण स्वतःला ‘तू’ म्हणायचा. तहान लागली की “तुला पाणी पाहिजे.” पडला की “तुला लागलं,” असं म्हणून रडायचा. ‘मी’ हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नव्हता. निनाद त्यावर खूश असायचा. ऑफिसातून आला की दारातूनच ओरडायचा, “माई, तुला भूक लागली!” माई हसायच्या, सासरे हसायचे. अन्वय हे नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. श्लोकातले विस्कटलेले शब्द सरळ ओळीत लावणं, म्हणजे अन्वय. निनाद विचारायचा, “अप्पा, माल जाहिरातीप्रमाणे निघाला नाही तर तक्रार कुठं करायची?”

मी सोडून सगळे हसायचे.

आम्ही फलटणला राहत होतो. अप्पांनी जन्मभर तिथल्याच तालुका कोर्टात वकिली केली होती. निनाद एका डेअरीत इंजिनिअर. मी इतिहासात एम. ए. करून, लग्न करून, मूल होऊन घरी बसलेली आणि दुपारी मूल झोपलं की फोनवर वाचत राहणारी. काय वाचलं ते इथं लिहीत नाही. जिनं असल्या दुपारी काढल्यात तिला माहीत आहे, आणि जिनं नाही काढल्या तिनं कशाला वाचावं? एवढंच सांगते, की मुलानं ‘मी’ न म्हणणं हे काळजीच्या लक्षणांच्या त्या सगळ्या याद्यांमध्ये होतं.

शेवटी डॉक्टर दोशींकडे गेलो. त्यांनी अन्वयशी चेंडू खेळून पाहिलं, हाक मारून पाहिली, गोष्टीच्या पुस्तकातले प्राणी ओळखायला लावले.

“बहुतेक काही नाही,” ते म्हणाले. “नजर देतो, खेळतो, शब्द तर माझ्यापेक्षा जास्त आहेत. पण मी-तूची गल्लत या वयात सुटायला लागते. शंका नको म्हणून पुण्याच्या बाईंना एकदा दाखवून या. मुलांच्या बोलण्याचंच बघतात त्या.”

घरी येताना निनादनं ‘काही नाही’ ऐकलं होतं. मी ‘बहुतेक’ ऐकलं होतं.

पुण्याची वेळ शनिवारची मिळाली. तोवर मी माझे उपाय चालू केले. अन्वयचा हात त्याच्याच छातीवर ठेवायचा आणि सांगायचं, “म्हण, मला पाणी पाहिजे.”

“म्हण मला पाणी पाहिजे,” तो म्हणायचा.

“‘म्हण’ नको म्हणू.”

“म्हण नको म्हणू,” तो आज्ञाधारकपणे म्हणायचा आणि पाण्यासाठी हात पुढे करायचा.

त्या आधीच्या रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना हिंदी सिनेमा लागला होता. कोर्टाचा प्रसंग आला. काळा कोट घातलेला हिरो गर्रकन वळला, हवेत बोट रोखून गरजला, “मिलॉऽर्ड!”

“कोर्ट आहे की तमाशाचा फड?” अप्पा पेपराआडून म्हणाले. “आमच्याकडं असा ओरडला असता तर शिपायानं धरून बाहेर काढला असता.”

“मग तुम्ही काय म्हणायचा, अप्पा?”

“साहेब म्हणायचं. लेखी असेल तर मेहेरबान कोर्ट. मिलॉर्ड वगैरे मुंबईला, हायकोर्टात. मी जन्मात एकदाच म्हटलंय ते. घसा असा बसला होता की जज्ज म्हणाले, पाणी प्या.”

तेवढ्यात अन्वय दिवाणावर उभा राहिला. बोट रोखलं. आणि म्हणाला, “मी लॉर्ड!”

निनाद उडालाच. “ऐकलंस? शलाका, ऐकलंस? मी म्हणाला!”

“तो ‘मी’ नाही,” मी म्हणाले.

“मग काय आहे?”

“इंग्रजी आहे. माय लॉर्डचं मिलॉर्ड. टीव्हीतलं उचललंय त्यानं. उद्या मिरची म्हणाला तर तू त्यातही ‘मी’ शोधशील.”

“मी लॉर्ड!” अन्वयनं दिवाणावरून उडी मारली.

“आला आमचा लाटसाहेब,” माई म्हणाल्या.

अप्पांनी पेपर खाली ठेवला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. शब्द दिसला की अप्पांचं असं व्हायचं. आमच्या घरात कोणी शब्दाचा अर्थ विचारायला घाबरत असे, कारण अप्पा सांगत.

“अगं, तू म्हणालीस तोच शब्द आहे तो. लॉर्ड म्हणजे इंग्लंडातला उमराव. त्यातले काही इथं गव्हर्नर म्हणून आले. आपल्या लोकांना लॉर्ड म्हणता येईना, त्यांनी लाट केलं. पुढं लॉर्ड गेले, लाट राहिले. आता आयता चहा मागणाऱ्याला आपण लाटसाहेब म्हणतो.”

“तुम्हालाच म्हणते मी,” माई म्हणाल्या.

“आणि मिलॉर्ड?” मी विचारलं. खरं तर मला राग आला होता. पण राग आला की मी माहिती विचारते. सवयच तशी.

“त्याची तर आणखी मजा. माय लॉर्ड म्हणजे माझे धनी. इंग्रज नोकर म्हणणार, इंग्रज कुळं म्हणणार. पण हे उमराव फ्रान्सात, इटलीत हिंडायला जायचे. बग्गी, नोकरचाकर, खिसा भरलेला. तिथल्या खाणावळवाल्यांना कुठलं इंग्रजी येतंय? त्यांनी नोकरांच्या तोंडचं ऐकलं आणि दोन शब्दांचा एकच केला. मिलॉर्ड. मग दिसला पैसेवाला इंग्रज की म्हण मिलॉर्ड. तो लॉर्ड असो नाहीतर साबणाचा कारखानदार असो. म्हणजे गंमत बघ, उमराव इंग्रजांचे, पण शब्द घडवला ऐकणाऱ्यांनी.”

“तुम्ही गेला होता का बघायला?” माई.

“मी नाही गेलो, माझी पुस्तकं गेली होती. आणि आता आमच्या नातवानं काय केलं? फ्रेंचांनी जोडलेला शब्द फलटणला आणून पुन्हा तोडला. आणि तोडला तो असा की, माय लॉर्ड म्हणणारा चाकर होता, मी लॉर्ड म्हणणारा मालक झाला!”

निनादनं टाळी दिली. मला मात्र रडू यायला लागलं होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी उशांचे अभ्रे सारखे करत होते.

“अप्पा, गंमत राहू द्या,” मी म्हणाले. “मला एवढंच सांगा, हा ‘मी’ धरायचा की नाही?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग अभ्र्यांकडे पाहिलं.

“नाही धरायचा,” ते म्हणाले. “ऐकीव पुरावा आहे. टिकणार नाही.”

“हेच म्हणतेय मी.”

“पण खटलाही निकाली काढायचा नाही. साक्षीदार उभे करू.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये कोर्ट बसायला लागलं. वेताची खुर्ची दिवाणावर चढली. अन्वयच्या अंगात अप्पांचा काळा कोट, बाह्या लोंबतायत, गळ्यात माईंचा पांढरा रुमाल. हातात त्यानं स्वयंपाकघरातून लाटणं आणलं होतं. सिनेमातल्या जज्जाच्या हातात हातोडा असतो ना, म्हणून. आपल्या कोर्टात हातोडा नसतो, असं अप्पांनी सांगून पाहिलं. लॉर्डसाहेबांनी ते फेटाळलं.

“पोळ्या लाटायच्यात,” माई रोज म्हणायच्या. “लाटसाहेबांना म्हणावं, लाटणं सोडा.”

अप्पा समोर उभे राहून वाकायचे. “मिलॉर्ड.”

“मी लॉर्ड,” अन्वय लाटणं आपटायचा.

आणि अप्पा त्याची चूक सुधारायचे नाहीत. मला ते खुपायचं. खुर्चीतून उतरला की पुन्हा “तुला दूध पाहिजे” सुरू व्हायचं. मी पुण्याची बॅग भरायला घेतली होती, दोन जास्तीच्या चड्ड्या, त्याचा लाकडी ट्रक. दारातून कोर्टाकडे एक डोळा होता.

बुधवारी मला समन्स आलं. म्हणजे अप्पांनी हाक मारली.

“शलाका, इकडं ये. तुझ्यावर आरोप आहे.”

“अप्पा, कपडे वाळत घालायचेत.”

“कोर्टापुढं कपड्यांची सबब चालत नाही. मिलॉर्ड, आरोप असा आहे की या बाईंनी सकाळी थालिपिठात दुधी लपवला.”

अन्वयनं डोळे मोठे केले. दुधी हा त्याचा शत्रू होता. त्यानं लाटणं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

“आधी शपथ,” अप्पा म्हणाले. “म्हणा, मी शपथेवर सांगते की खरं सांगेन.”

अन्वय माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून, त्याच्याशी बोलायच्या आवाजात म्हणाले, “आई शपथेवर सांगते की खरं सांगेन.”

“आईशपथ नको,” अप्पा म्हणाले. “ती शाळेत. इथं ‘मी’ म्हणायचं.”

माई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पीठ लागलेले हात तसेच.

“बरं. मी शपथेवर सांगते.”

“थालिपिठात दुधी कोणी घातला?”

“आईनं नाही घातला,” मी अन्वयकडे बघून म्हणाले. “आईनं कोथिंबीर घातली होती. हो की नाही?”

“थांबा. ही आई कोण?”

“अप्पा!”

“कोर्टाला कळू दे. ही आई नावाची बाई इथं हजर आहे का?”

“आहे.”

“मग ती शेजारच्या वाडीत राहत असल्यासारखं काय बोलताय? तिला बोलवा तरी, नाहीतर मी म्हणा.”

“अहो, पण आई त्याला नेहमी...”

आणि मी तिथंच थांबले.

सकाळपासून मी अन्वयशी काय काय बोलले होते ते मला ऐकू यायला लागलं. आई दूध आणते हं. आईला चावायचं नाही. आई कामात आहे ना? आई रागावली. आई आता रडेल. आणि एकटी मीच नव्हे. आजी पडेल, पाय ओढू नको. बाबा आले, बघ बाबांनी काय आणलं. आजोबांचा चष्मा दे. आम्ही एकमेकांशी बोलताना ‘मी’ म्हणत होतो, पण ते वरच्या वर, त्याच्या डोक्यावरून. गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं की आमच्यातला एकही जण ‘मी’ उरत नव्हता. आई, बाबा, आजी, आजोबा, सगळ्यांना आपापली नावं होती. आणि एक जण होता, ज्याला सगळे ‘तू’ म्हणत होते.

त्याचं व्याकरण चोख होतं. आमच्याच घरात प्रथमपुरुष नव्हता.

हेच एक कारण होतं, असं मी आजही म्हणणार नाही. मुलं काय काय कशी शिकतात हे कोणाला नेमकं ठाऊक असतं? पण तेव्हा वाळत घालायचे कपडे मी साफ विसरले एवढं खरं.

“काय गं?” अप्पांचा आवाज बदलला.

“अप्पा, त्याच्याशी कोणी ‘मी’ म्हणतच नाही.”

अप्पांनी चष्मा काढला. हे त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं की माझ्याबरोबर आलं, मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, “मीसुद्धा आजोबाच म्हणतो की.”

“साक्ष पुरी करा आता,” दारातून माई म्हणाल्या. “तवा तापलाय माझा.”

मी दिवाणाजवळ गेले. अन्वयच्या समोर, त्याच्या उंचीला वाकले.

“मी घातला,” मी म्हणाले. “दुधी मी किसला. मी थालिपिठात लपवला. आणि मी तुला खोटं सांगितलं की कोथिंबीर आहे.”

अन्वय माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आवाज ओळखीचा, शब्द अनोळखी, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. लाटणं हवेतच थांबलं होतं.

“मी?” त्यानं विचारलं.

“हो. मी.” मी माझ्या छातीवर हात ठेवला.

त्यानं खुर्चीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या मनात काय आलं ते मला स्पष्ट दिसलं, कारण त्यानं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात गच्च पकडले. या घरात ‘मी’ एकच होता, तो खुर्चीत बसलेला होता, आणि ही बाई आता खुर्ची मागायला आली होती.

“नाही!” तो ओरडला. “तू नाही लॉर्ड! मी लॉर्ड!”

 स्वयंपाकघरात तव्यावर काहीतरी जळायला लागलं होतं, तरी माई हलल्या नाहीत.

माझा विश्वास बसेना. मी त्या काळात विश्वास ठेवण्यातली नव्हतेच. मी अप्पांकडे बघून खूण केली. अप्पा जन्मभराचे वकील. त्यांना खूण लागत नव्हती.

“मिलॉर्ड,” ते पुढे होऊन म्हणाले, “मग मी कोण?”

अन्वयनं विचार केला. “तू आजोबा.”

“मी खुर्चीत बसू?”

“नाही. मी बसलो. तू उभा राहा.”

“अगं बाई,” माई म्हणाल्या.

अप्पा कोर्टापुढं पुन्हा वाकले. “मिलॉर्ड, आरोपीनं गुन्हा कबूल केला आहे. निकाल द्यावा.”

लॉर्डसाहेबांनी लाटणं आपटलं. दिवाणाच्या कडेचा टवका उडाला. तो अजून तसाच आहे.

“आई, तू दुधी खा,” ते म्हणाले. “मी नाही खाणार.”

सकाळचं अर्धं थालीपीठ झाकून ठेवलं होतं. ते मी भर कोर्टात, उभ्यानं, सगळ्यांसमोर खाल्लं. गार, चिवट.  अन्वय खुर्चीतून वाकून माझ्या तोंडात नीट बघत होता, शिक्षा पुरी भोगली जातेय की नाही ते.

“करपलं ना गं सगळं!” माई आत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा डॉक्टर दोशींकडे नेलं. निनाद म्हणाला, “अगं आता कशाला?” पण मी नेलं. डॉक्टरांनी छोटी बॅटरी काढली. “आ कर बघू.”

“तू आ कर,” अन्वय म्हणाला. “मी बघतो.”

डॉक्टरांनी खरोखर आ केला. अन्वयनं आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली.

“सुटली की हो गल्लत,” डॉक्टर बॅटरी खिशात टाकत म्हणाले. “जरा जास्तच सुटली. पुण्याला जायची सध्या गरज वाटत नाही. दोन-तीन महिन्यांनी मला परत दाखवा. आणि मधे कधी शंका आली, तर पुणं कुठं पळून जात नाही.”

या वेळी मीही ‘गरज नाही’ एवढंच ऐकायचं ठरवलं. ते काही जमलं नाही, ‘सध्या’ ऐकू आलंच. पण घरी येऊन मी फोन हातात घेतला. शनिवारची वेळ निनादनं घेतली होती. रद्द मात्र मलाच करायची होती.

“नमस्कार, शनिवारची एक वेळ रद्द करायची होती.”

“कोण बोलतंय?” पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

“मी...”

“मी!” खालून अन्वय ओरडला आणि माझी ओढणी ओढायला लागला. “मी बोलतो! मला दे!”

“हॅलो? कोण?”

“मी बोलतेय.”

“मी बोलतो! मी!”

“अहो, दोघं मिळून मी-मी काय करताय?” मुलगी वैतागली. “नाव सांगा ना.”

“शलाका,” मी म्हणाले. बऱ्याच दिवसांनी म्हटल्यामुळे असेल, मला ते जरा मोठ्यानं म्हटल्यासारखं वाटलं.

पलीकडे बटणांची खटखट ऐकू आली. थोडा वेळ गेला. अन्वय माझ्या पायावर चढून फोनला हात पुरतोय का ते बघत होता.

“नाही हो मॅडम. या नावाचं इथं कोणीच नाही.”

“आहे,” मी म्हणाले, आणि मग तिला अन्वयचं नाव सांगितलं.